भिशीचे अठरा हजार आणि एक डबी

अगं छोटे,

काल फोनवर तू कुजबुजायला लागलीस तेव्हाच मी ओळखलं, नवरा घरात आहे आणि विषय पैशांचा आहे. भिशी लागली, अठरा हजार हातात आले आणि तुला त्यातून डॅक घ्यायचाय. जावईबापू म्हणतात, "आवाज येतोय की, मग ही डबी कशाला?" आणि तू म्हणतेस, "ताई, तू तरी सांग त्यांना."

त्यांना मी काही सांगणार नाही. पैसे तुझे, कान तुझे. याच पैशांची पैठणी आणली असतीस तर घरात कुणी चकार शब्द काढला नसता. गाण्यासाठी काही घ्यायचं म्हटलं की मात्र बाईला हिशेब विचारतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझ्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. पण अठरा हजार घालवण्याआधी माझं थोडं ऐकून घे. दुपारची लाईट गेलीय, तुझी भाची क्लासला गेलीय, आई जरा आडवी झालीय. तेवढ्यात लिहून काढते.

आधी माझी एक चोरी सांगते. दाजींना बोलायची नाही, शपथ आहे. आपल्या वाकळींच्या पेटीत, अगदी तळाशी, बेचाळीसशे रुपयांची एक वायर पडून आहे. सोन्याचं पाणी दिलेल्या पिना, वरून विणलेलं जाळीदार आवरण, दिसायला अगदी नागिणीसारखी. "हिने आवाज उघडतो" असं कुठंतरी वाचलं आणि मागवली. लावली, तर आवाज होता तिथंच. परत करायची मुदत मी "उद्या बघू, परवा बघू" करत घालवली. त्या वायरीने मला जे शिकवलं, ते तुला फुकटात देते.

डॅक म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घे, म्हणजे कुणी भुलवणार नाही. आपण अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायचो, आठवतं? आधी ठिपके, मग त्यांतून रेघ. सीडीत किंवा मोबाइलमध्ये गाणं असतं ते नुसत्या ठिपक्यांच्या रूपात. सीडीवर एका सेकंदाला 44,100 ठिपके, आणि प्रत्येक ठिपका किती उंचीवर मांडायचा त्यासाठी 65,536 पायऱ्या. पण स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला हलता विजेचा दाब लागतो, म्हणजे सलग रेघ. ठिपके वाचून ती रेघ ओढणारी चिप म्हणजे डॅक. इतकंच.

लोक म्हणतात, ठिपक्यांच्या मधला सूर हरवतो. नाही हरवत. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही पोरवयात. ठिपके त्याच्या दुपटीहून जास्त असले, तर कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीत त्या ठिपक्यांतून एकच रेघ जाऊ शकते, दुसरी नाही. हे गणित आहे, आणि गणित शिकवूनच मी घर चालवते, तेव्हा यात तरी माझ्यावर विश्वास ठेव.

आणि डॅक ही काही नवी चीज नव्हे. 1982 साली सोनीचा पहिला सीडी प्लेयर जपानात बाजारात आला, त्याच्या पोटात डॅक होताच. अण्णांच्या सीडी प्लेयरमध्ये होता. तुझ्या मोबाइलमध्ये आहे, लॅपटॉपमध्ये आहे, टीव्हीत आहे. म्हणजे तुझ्या घरात आत्ताच पाच-सहा डॅक नांदतायत. तू घेणार आहेस तो बाहेरून जोडायचा, एवढाच फरक. तेव्हा खरा प्रश्न असा, की घरातल्या डॅकचं काही दुखतंय का? दुखत नसेल तर औषध कशाला?

आमच्याकडे दुखत होतं. ते सांगते.

अण्णांचा ॲम्प्लिफायर आणि ते दोन लाकडी स्पीकर तुला आठवतातच. हैदराबादला गेले होते, कोठीतल्या गुजराती गल्लीतून घेतला आणि रेल्वेने उदगीरला येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. अण्णा गेले, तरी तो अजून ठणठणीत आहे. पण घरात नवा टीव्ही आला आणि पंचाईत झाली. मागे लाल-पांढऱ्या पिनांची भोकंच नाहीत! एचडीएमआय, यूएसबी आणि कोपऱ्यात एक इवलंसं दार. ते दार ढकललं की आत लाल उजेड दिसतो. ते ऑप्टिकल. त्यातून आकडे बाहेर पडतात, उजेडाच्या उघडझापीतून. 1983 मध्ये तोशिबाने काढलेली युक्ती, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. आता अण्णांच्या ॲम्प्लिफायरला उजेडातले आकडे कसे कळणार? मधे दुभाष्या हवाच. आपल्या उदगिरात एकाच गल्लीत मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू चालते, दुभाष्याचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको.

तो दुभाष्या मी साडेसातशे रुपयांत मागवला. काड्यापेटीएवढी काळी डबी. एका बाजूला ऑप्टिकल, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी भोकं, आणि पाच व्होल्टची वायर.

लावली. आवाज नाही. हलवली, ठोकली, शिव्या घातल्या. आवाज नाही. तुझी भाची आली, वायर काढली, टोकावरची तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठी पारदर्शक टोपी नखाने उपसली आणि म्हणाली, "आई, उजेडाला टोपी घातलीस का?" दोन्ही टोकांना असते ती. तू काढायला विसरू नकोस.

टोपी काढली, तरी आवाज नाही. हे मात्र लिहूनच ठेव. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' असतं. तिथं 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' असलं तर साधी डबी मुकी राहते किंवा नुसती खरखरते, कारण डॉल्बीची गुंडाळी तिला सोडता येत नाही. तिथं 'पीसीएम' करायचं. मी केलं, आणि अण्णांच्या स्पीकरमधून बातम्या सांगणारा माणूस एकदम खोलीत येऊन उभा राहिला. आई दचकून उठली.

दुसऱ्या दिवशी आईची तक्रार, "रिमोट बिघडलाय." बिघडला नव्हता. आमच्या टीव्हीचा रिमोट दाबून ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त होत नाही, बऱ्याच टीव्हींचं तसंच असतं. उठून ॲम्प्लिफायरचं बटण फिरवावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या घरात हा मुद्दा लहान नाही. तुझ्या सासूबाईंचा विचार आधी कर.

मग आला मेचा महिना. लाईट गेली की इन्व्हर्टर सुरू, आणि इन्व्हर्टर सुरू झाला की ॲम्प्लिफायरमधून गुंऽऽ असा भुंगा. मी लगेच डबीला दोष दिला. बाजारातल्या मेकॅनिकला दाखवली, तर तो हसला. "मॅडम, डबी चांगलीय. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर रडतोय." घरी येऊन डबी काढूनच ठेवली आणि बघितलं. भुंगा तसाच. म्हणजे डबी निर्दोष. असं किती वेळा होतं बघ, शेवटी घरात आलेल्यावर सगळ्यांचं खापर फुटतं. नव्या सुनेसारखं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या शाळेतल्या एका सरांना या गोष्टींचा नाद. त्यांच्याकडे बारा हजारांचा डॅक, ॲल्युमिनियमची पेटी, त्यावर निळे आकडे. "मॅडम, दोन दिवस लावून बघा, परत त्या डबीकडे वळणार नाही." आणला. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, गाणं सुरू केलं. खरंच सांगते छोटे, अंगावर काटा आला. आवाज भरदार, मोकळा. दाजीसुद्धा मान हलवायला लागले. माझा हात मोबाइलवर गेलाच होता मागवायला.

पण ती नागीण आठवली. मग मी बसून विचार केला. भरदार म्हणजे काय? मोठा तर नव्हे? शाळेच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर आणला, 100 हर्ट्झचा एकसुरी भोंगा वाजवून दोघांच्या पिनांवरचा दाब मोजला. माझी डबी 1.6 व्होल्ट, सरांची पेटी 2 व्होल्ट. म्हणजे जवळजवळ दोन डेसिबलचा फरक. एवढा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानदार हे आपल्या आधीपासून जाणून आहेत.

सरांच्या पेटीला आवाजाचं बटण होतं. ते फिरवून दोन्ही 1.6 वर आणले. दारावर चादर टांगली. तुझी भाची चादरीमागे, मी पुढे पाठ करून. तिने नाणं उडवायचं, छापा आला तर डबी, काटा आला तर पेटी, वायर बदलायची आणि चौकटीच्या वहीत लिहायचं. मी फक्त सांगायचं, कोणतं वाजतंय. दहा वेळा.

दहापैकी सहा बरोबर आले. सहा म्हणजे जिंकले ना, असं दाजी म्हणाले. नाही. काही न ऐकता, नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली, तरी दहात सहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता 1,024 मध्ये 386 आहे, म्हणजे शंभरात अडतीस. नऊ आले असते तर मी मान्य केलं असतं, कारण नऊ किंवा दहा नशिबाने यायची शक्यता शंभरात जेमतेम एक. सहाला मी पास करत नाही, वर्गात नाही आणि घरातही नाही.

आणि हे एकट्या माझ्या कानांचं म्हणशील, तर 2007 साली अमेरिकेतल्या मेयर आणि मोरन या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात असाच प्रयोग छापला. भारीतल्या भारी ध्वनिमुद्रणाचा आवाज एकदा जसाच्या तसा, एकदा सीडीच्या 16 बिटांच्या, म्हणजे त्याच 65,536 पायऱ्यांच्या मापातून गाळून. ऐकणाऱ्यांनी 554 वेळा उत्तरं दिली, बरोबर आली 276. म्हणजे निम्मी. तेव्हा "24 बिट, 192 किलोहर्ट्झ" असे आकडे खोक्यावर पाहून जीव टाकू नकोस.

मग डॅक थोतांड आहे का? थांब. दुसरा प्रयोग ऐक, तोच तुझ्या कामाचा आहे.

आमचा जुना कॉम्प्युटर आहे ना, ज्यावर अण्णांची सगळी गाणी भरून ठेवलीत. टीव्ही येण्याआधी त्याच्या मागच्या हिरव्या भोकातून वायर ॲम्प्लिफायरला जायची. त्यात एक किरकिर होती. माऊस हलवला की किर्र, थांबवला की बंद. पडदा सरकवला की वेगळी किर्र. गाणं जोरात असलं की दबायची, म्हणून आम्ही सवय करून घेतली होती. त्या कॉम्प्युटरला सरांची पेटी यूएसबीने जोडली, आणि पुन्हा चादर, नाणं, वही. दहापैकी दहा. एकदाही चुकले नाही. कॉम्प्युटरच्या पोटात पंखे, चिपा, विजेची नुसती धावपळ, आणि त्याच गर्दीत बिचारा डॅक बसलेला. त्याला बाहेर काढून शांत जागी बसवला की फरक पडतो, आणि तो कुणालाही ऐकू येतो.

कुणालाही म्हणजे आईलासुद्धा. आई त्या वेळी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. तिला काही सांगितलं नव्हतं. भीमसेनजींचा अभंग लावला होता. आलापाआधीच तिचा हात सुपात थांबला. म्हणाली, "ह्यात तंबोरा हाय का गं? आधी नव्हता की." आधीही होता, माय. किरकिरीखाली गाडला गेला होता. अडुसष्ट वर्षांच्या बाईला, जिचे वरचे बारीक सूर वयाने कधीच ओसरलेत, तिला तंबोरा सापडला. मला ना बिट दिसले ना किलोहर्ट्झ, आईचा थांबलेला हात दिसला. मी सरांची पेटी परत केली आणि कॉम्प्युटरसाठी अकराशेची एक छोटी शेपटी आणली. मोबाइलला हेडफोन लावायला मिळते तीच. 2016 मध्ये आयफोनने हेडफोनचं भोक बुजवलं, मग हळूहळू बाकीच्यांनीही, तेव्हापासून या शेपट्या सर्रास झाल्या. त्या शेपटीच्या टोकात तांदळाएवढा डॅक असतो. मात्र सगळ्यांत नसतो हं. काही नुसत्या वायरी असतात, त्या कॉम्प्युटरला चालत नाहीत. घेताना 'आत डॅक आहे' असं लिहिलेलं बघून घे. शेपटी लावल्यावर किरकिर गेली, तंबोरा राहिला.

आता तुझ्या घराकडे येऊ. तुझ्याकडे लॅपटॉप, आणि प्लगला लावायचे दोन स्पीकर, ज्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर आहे. बरोबर? मग असं कर.

रात्री सगळे झोपले की स्पीकरचं बटण नेहमीच्या जागी ठेव, गाणं थांबव आणि स्पीकरला कान लाव. माऊस हलव. किर्र आली तर तुझं दुखणं खरं आहे. काही आलं नाही, तर लॅपटॉपचा डॅक धडधाकट आहे, त्याला त्रास देऊ नकोस.

घुंऽऽ असा जाड आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून ऐक. घुं थांबली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. नवा डॅक आणून ती जाईलच असं नाही. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डात लावून बघ. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे, ते आवाजासाठी नाही तर जिवासाठी. बाहेरची डबी घेतलीस आणि तीही घुमली, तर तिला चार्जरऐवजी पॉवर बँकेवर चालवून बघ. पुष्कळदा स्वस्त चार्जरच चोर निघतो.

स्पीकरच्या पाठीमागे वाकून बघ. लॅपटॉपमधून आवाज घेणारं यूएसबी किंवा ऑप्टिकलचं भोक असेल, तर स्पीकरच्या आत डॅक आहेच. साधी स्वस्त वायर लाव आणि मोकळी हो. ब्लूटूथनेच ऐकत असशील तर बाहेरचा डॅक मधे येतच नाही, आकडे थेट स्पीकरच्या पोटातल्या डॅककडे जातात.

मोबाइलमधल्या गाण्यांच्या ॲपची सेटिंग उघड. डेटा वाचवायला कधीतरी आवाजाचा दर्जा खाली आणून ठेवला असशील, आपण सगळ्याच ठेवतो. तो वर कर. ठिपकेच पुसट असले तर रांगोळी कोण चांगली काढणार? आणि जुनं ध्वनिमुद्रण जुनंच राहतं. बालगंधर्वांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या कुठल्याही डॅकमधून ऐक, त्या वेळी जे टिपलं गेलं तेवढंच येणार. खरखरीसकट ते घ्यायचं असतं.

आणि सगळ्यात शेवटी, खरं तर सगळ्यात आधी, खोली. तुझ्या नव्या हॉलमध्ये मधोमध उभी राहा आणि एक टाळी वाजव. टण्ण करून आवाज घुमला ना? खाली गुळगुळीत टाइल, वर स्लॅब, भिंती रिकाम्या. आमच्या शहाबादी फरशीच्या खोलीतही तेच होतं. आवाज भिंतींवर आपटून चारदा परत येतो आणि शब्द शब्दावर चढतो. यावर जगातल्या कुठल्याच डॅकचं औषध नाही. मी काय केलं? समोरच्या भिंतीवर आजीची ठिगळांची वाकळ टांगली, फरशीवर सतरंजी टाकली, स्पीकर जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीवर स्टुलांवर ठेवले आणि कोपऱ्यातून वीतभर पुढे ओढले. रुपया खर्च नाही. या फरकाला चादर, नाणं, वही काही लागलं नाही. दाजी बाहेरून आले आणि म्हणाले, "नवे स्पीकर घेतले का?"

तेव्हा क्रम लक्षात ठेव. आधी खोली, मग स्पीकर, मग डॅक, आणि वायर सगळ्यात शेवटी. पैसे वरून खाली उतरवायचे. मी ते खालून वर चढवले, म्हणून पेटीत नागीण झोपलीय.

याउपर तुला डॅकच हवा असेल, निळे आकडे बघायला छान वाटतात म्हणून हवा असेल, तरी घे. खरंच घे. हौसेला कारण लागत नाही. फक्त स्वतःला "आवाजासाठी घेतला" असं सांगू नकोस, आणि परत करायची मुदत कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेव.

दिवाळीला येशीलच. मुदत तोवर असेल तर डबी सोबत आण. चादर टांगू, तुझी भाची नाणं उडवेल, वहीची कोरी पानं शिल्लक आहेत. दहात नऊ आणलेस तर जावईबापूंना फोन मी लावते. सहा आणलेस, तर भिशीच्या पैशांतून स्पीकरसाठी दोन चांगली स्टुलं घेऊ, उदगिरात सुतार मिळतो.

आई उठली बघ. "काय करूलालीस गं अंधारात?" म्हणतेय. लाईट अजून आलेली नाही.

आणि हो, येताना मोठी पिशवी आण. वाकळ न्यायची म्हणून सांगू. तिच्या घडीत ती नागीण गुंडाळून देते, तेवढी पेटी रिकामी होईल माझी.

तुझी,
ताई